आजोबांची थ्री-नॉट-थ्री: जपावी की बदलावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जुन्या बंदुकींविषयी आहेत आणि तिन्ही कोकणातून आली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट एकदा केली की पुन्हा पूर्ववत करता येत नाही.

प्रश्न: आमचे घर दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. आजोबा सैन्यातून निवृत्त झाले होते. १९५८ सालापासून त्यांच्या परवान्यावर असलेली थ्री-नॉट-थ्री रायफल पुढे रीतसर माझ्या वडिलांच्या नावावर झाली. वडील आता ७४ वर्षांचे आहेत. पणजोबांनी ही रायफल पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून आणली, असे घरात सांगतात. दस्त्याच्या मानेवरील लोखंडी कड्यावर मुकुट, ‘जी.आर.आय.’ ही अक्षरे, ‘ईशापूर’ हे नाव आणि १९४२ हे साल आहे. लाकूड काळवंडले आहे, मागची पितळी पट्टी हिरवी पडली आहे, आणि मॅगझीनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) पुढे लाकडात कोणीतरी एक बेढब आडवा स्क्रू मारून ठेवला आहे. मुंबईला राहणाऱ्या चुलत भावाचे म्हणणे असे की पुढचे लाकूड कापून टाकावे, फणसाच्या लाकडाचा नवा दस्ता करावा, नळी बदलून ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचे माप) बसवावी म्हणजे परवान्याची कटकटही मिटेल, आणि वर दुर्बीण लावावी. वडील मात्र कोणालाही हात लावू देत नाहीत. आपण मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, दापोली

उत्तर: तुमच्या वडिलांचे बरोबर आहे, फक्त ‘हात लावू नका’ यात थोडी दुरुस्ती हवी. समुद्राकाठच्या घरात ज्या लोखंडाला वर्षभर हात लागत नाही, त्याचा पुढच्या पावसाळ्यापर्यंत भरवसा नसतो. रायफलीला हात लावावा, पण बदलण्यासाठी नव्हे.

आधी घरातल्या गोष्टीचा निकाल लावू, कारण जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे ते त्यावर ठरेल. बसऱ्याहून आणलेली ही रायफल नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या, तिथल्या कुत शहराच्या वेढ्यातही होत्या, आणि तुमचे पणजोबा तेथे असतील तर ती अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु कुत २९ एप्रिल १९१६ रोजी पडले आणि तुमच्या रायफलीवर साल आहे १९४२. शिवाय सरकारी रायफल शिपायाने घरी न्यायची सोयच नव्हती. ती हरवली तर कोर्ट मार्शलला तोंड द्यावे लागे. ‘जी.आर.आय.’ ही अक्षरे राजा आणि सम्राट असलेल्या जॉर्जची लॅटिन आद्याक्षरे आहेत, आणि ईशापूर म्हणजे बंगालमधील सरकारी रायफल कारखाना. तेव्हा ही रायफल तुमच्या पणजोबांच्या नव्हे, तर आजोबांच्या काळातली आहे. घरोघरी असे होते. पणजोबांची लढाई आणि आजोबांची बंदूक सांगता सांगता एकमेकांत मिसळतात. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवा, दोन्ही खऱ्या राहतील.

आता तो बेढब स्क्रू. तुमच्या पत्रातला हाच तपशील मला सर्वांत आवडला. तो गावच्या लोहाराने मारलेला नाही. पुढच्या लाकडाला चीर जाऊ नये म्हणून मॅगझीनच्या पुढे असा आडवा स्क्रू घालण्याची पद्धत ईशापूरचीच होती. इंग्लंडमध्ये बनलेल्या त्याच जातीच्या रायफलीत तो सहसा दिसत नाही, त्यामुळे तुमची रायफल हिंदुस्थानी सैन्याच्या वापरातली असल्याची ती एक साक्ष आहे. तो काढून भोक लांबी (पुट्टी) भरून बुजवले असते, तर रायफल दिसायला नीटनेटकी झाली असती आणि तिची ओळख सांगणारी एक खूण कायमची गेली असती. सुधारणेच्या नावाखाली बहुतेक वेळा हेच घडते. ज्या गोष्टीचा अर्थ आपल्याला लागत नाही, ती आपल्याला आधी घाण दिसते.

चुलत भावाची कल्पना कोठून आली असेल, याचा अंदाज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत सैन्याने काढून टाकलेल्या रायफली अगदी स्वस्तात विकल्या गेल्या, आणि लोकांनी पुढचे लाकूड कापून, संगिनीची बैठक उतरवून, त्यांच्या हलक्या शिकारी रायफली केल्या. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, कारण अशा रायफली ढिगाने पडल्या होत्या. पुढे जशाच्या तशा राहिलेल्या रायफली दुर्मीळ झाल्या आणि कापलेल्यांना संग्राहक विचारीनासे झाले. ती चित्रे पाहून आज दापोलीत करवत हाती घेण्याचे कारण मला दिसत नाही, कारण तिकडे त्या कापकामामागे शिकार हा उपयोग तरी होता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. शेतात रानडुकरांचा उपद्रव असला तरी त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि त्या कामाला थ्री-नॉट-थ्री कोणी काढत नाही. मग दुर्बीण लावून पाहायचे काय, तर समोरच्या खाडीतली होडी.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा कायद्याचा आहे, आणि तेथे भावाचा सल्ला तुम्हाला थेट अडचणीत आणील. ३०३ (म्हणजेच थ्री-नॉट-थ्री) आणि ७.६२ मिलिमीटर हे सैन्याच्या काडतुसांचे बोअर असल्यामुळे त्यांच्या रायफली शस्त्र नियमांनुसार प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, आणि त्यांच्या परवान्याचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. नळी बदलून ३१५ केली की कटकट मिटेल हा समज उलटा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका वर्गातील बंदूक दुसऱ्या वर्गात बदलणेही त्याच कलमाखाली आले आहे. पाचव्या कलमानुसार बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार हा व्यवसायही परवान्यावरच करता येतो, म्हणजे तुमच्या वाडीतला सुतार कितीही चांगला कारागीर असला तरी रायफल त्याच्या पडवीत नेऊन ठेवता येत नाही. आज तुमची रायफल कागदोपत्री स्वच्छ आहे. तो बदल केला की ती परवान्यावर लिहिलेली रायफल राहणार नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी कारागिराच्या दृष्टीनेही या रायफलीचे लाकूड बदलण्यात शहाणपण नाही. मी सैन्याच्या कार्यशाळेत आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून काम केले आहे, त्यामुळे हे थोडे विस्ताराने सांगतो. या रायफलीत नळी लाकडावर नुसती टेकलेली नसते. मागच्या बाजूला लाकडातल्या दोन खाचा गोळीचा धक्का झेलतात, आणि पुढे तोंडाजवळ स्प्रिंगवरची एक लहान खुंटी नळीला खालून दाबून धरते. नेम या सगळ्या बैठकीवर अवलंबून असतो. पुढचे लाकूड आणि नोज कॅप (तोंडाजवळची लोखंडी टोपी) काढली की तो दाब जातो, आणि माशीच्या (नेम धरायच्या पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना असलेले संरक्षक कानही नोज कॅपबरोबर जातात. म्हणजे आधीपेक्षा हलकी, आधीपेक्षा उघडी आणि बहुधा आधीपेक्षा वाईट मारणारी रायफल हाती येते. फणसाचे लाकूड देव्हाऱ्याला, मृदंगाला उत्तम. मूळच्या अक्रोडाच्या बैठकीची बरोबरी ते करणार नाही.

याच संदर्भात माझी एक चूक सांगतो. उमेदवारीच्या दिवसांत मला एका रायफलीचा मागचा दस्ता काढायला सांगितले होते. दस्त्याच्या आतून एक लांब बोल्ट पुढे जातो, त्याला मागून लांब पेचकस घालून मी फिरवायला लागलो. तो घट्ट होता, म्हणून जोर लावला, आणि कडकन आवाज झाला. या जातीच्या अनेक रायफलींत त्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पत्र्याच्या खाचेत अडकलेले असते, म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवायचे आणि मगच बोल्टला हात घालायचा, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. बोल्ट फिरला तो लाकूड फोडूनच. उस्तादांनी ते फुटके लाकूड महिनाभर माझ्या टेबलासमोर टांगून ठेवले होते. तुमच्या घरात कोणी पेचकस घेऊन बसणार असेल, तर त्याला हा परिच्छेद आधी वाचायला द्या.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. परवानाधारक तुमचे वडील आहेत, तेव्हा हे सर्व त्यांच्या देखरेखीखाली व्हावे. प्रथम मॅगझीन काढून, बोल्ट (वर सांगितलेला दस्त्यातला नव्हे, तर काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून, नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यावी. घरात जुनी काडतुसे असतील तर ती घासू नयेत, उघडू नयेत आणि उडवून तर मुळीच पाहू नयेत. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करावीत. मग मागच्या पितळी पट्टीतले लहान झाकण उघडून पाहावे. नशीब असेल तर आत पितळी तेलाची बाटली आणि वजन लावलेली दोरी, म्हणजे जवान जिला पुल-थ्रू म्हणतात ती, अजून असेल. असली तर ती रायफलीचाच भाग समजून तेथेच ठेवावी.

नळी आतून साफ करण्यासाठी दोरीला कोरडी चिंदी लावून ती मागून पुढे ओढावी. जुन्या ३०३ काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यामुळे नळीत क्षार राहत. ते हवेतले पाणी ओढून घेत आणि नळी आतून खात, म्हणून सैन्यात गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. तुमच्या रायफलीने कित्येक वर्षांत बार काढलेला नसेल, त्यामुळे आता उकळत्या पाण्याची गरज नाही. चिंदी कोरडी निघेपर्यंत ओढावी आणि शेवटी बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यावा.

बाहेरच्या लोखंडावर दोन प्रकारचे डाग दिसतील. काळपट तपकिरी, बोटाला न लागणारा थर हा रायफलीचे वय आहे. तो राहू द्यावा. तांबूस, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज मात्र जिवंत असतो. त्यावर तेल टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी जाड सुती कापडाने हळूहळू पुसावे. फारच चिवट असेल तर तेलात भिजवलेली अत्यंत बारीक स्टील वूल त्या डागापुरतीच वापरावी. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि मशीनवरचा बफ यांना घरातूनच बंदी करावी, कारण कड्यावरचे मुकुट आणि अक्षरे ही लोखंडाच्या पृष्ठभागावरच असतात आणि दोन मिनिटांच्या बफने ती पुसट होतात. नळी, बोल्ट आणि इतर भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का, ते तपासून लिहून ठेवावे.

लाकडावर वार्निश नको. ओल्या फडक्याने वरची धूळ काढून, लाकूड पूर्ण सुकल्यावर जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहातावर घेऊन चोळावेत, तासाभराने उरलेले तेल पुसून टाकावे, आणि आठ दिवसांनी पुन्हा तसेच करावे. काळवंडलेपण पूर्ण जाणार नाही. ते माणसांच्या हातांचे आहे. कोकणात कशालाही खोबरेल लावायची सवय आहे, पण येथे ते टाळावे. खोबरेल थंडीत गोठते आणि जुने झाले की खवट होऊन चिकट थर धरते. पितळी पट्टीचा हिरवेपणा तेलाच्या फडक्याने जाईल तेवढाच घालवावा. समईसारखी चिंच लावून ती लखलखीत करू नये.

ठेवण्याची जागा हा खरा प्रश्न आहे. रायफल कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या म्यानात घालून माळ्यावर ठेवणे म्हणजे खारी ओल तिच्या अंगाशी बांधून ठेवणे. कुलपाच्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून आणि जमिनीपासून चार बोटे दूर, दोन लाकडी आधारांवर ती उघडी ठेवावी. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि बोल्ट वेगळ्या कुलपात असावा. मृगापूर्वी एकदा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि दिवाळीनंतर एकदा तेलाचा हात फिरवला, की खाऱ्या वाऱ्याचे काही चालत नाही. तळहाताच्या घामातही मीठ असते, म्हणून हाताळल्यावर प्रत्येक वेळी पुसून ठेवावी.

वडिलांचे वय पाहता परवान्याचे काम मात्र लांबवू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतच कायदेशीर वारसाला परवाना मिळण्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत बोअर प्रतिबंधित असल्यामुळे हे प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयात संपणार नाही, वेळ लागेल. एका व्यक्तीला आता दोनपेक्षा जास्त बंदुका बाळगता येत नाहीत, हेही अर्जापूर्वी पाहून घ्या. परवाना नाकारला गेलाच, तर रायफल घरात ठेवून चालणार नाही; ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल. आजोबा मराठा पलटणीतले असतील, तर अशा वेळी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून विचारणा करण्यास हरकत नाही. नळी बुजवून रायफल कायमची निकामी करण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे, कारण लाकूड कापण्याइतकाच तोही परतीचा नाही.

प्रश्न: आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे. तिच्या घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ असे इंग्रजी शब्द आहेत. निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा केली होती. परत मिळाली तेव्हा तिच्यावर गंज चढला होता. ती घासून निकेलचा मुलामा द्यावा असे वाटते.
— एक बागायतदार, राजापूर

उत्तर: मुलामा देऊ नका. मुलाम्यापूर्वी कारागीर लोखंड कोऱ्या पत्र्यासारखे घासतो, आणि तुमच्या बंदुकीत वाचण्यासारखे जे आहे ते त्या घासकामातच जाईल. ‘टॉवर’ आणि मुकुट ही ब्रिटिश लष्करी बंदुकींच्या चापपट्टीवरची जुनी खूण आहे. अशा पट्ट्या, त्यांच्या नकलाही, आपल्याकडे पुढे दुसऱ्या नळ्यांना आणि दस्त्यांना जोडल्या गेल्या. म्हणून एवढ्या एका शब्दावरून सगळी बंदूक लष्करी ठरत नाही. पट्टीवर साल असेल, नळीच्या बुडाशी छाप असतील, तर त्यांची चांगल्या उजेडात छायाचित्रे काढा. बंदूक शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचाही विचार करावा लागतो, आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. शस्त्र कायद्यातून जुन्या बंदुकीला सूट आहे असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. ती सूट दुरुस्त करूनही बार न काढणाऱ्या बंदुकीलाच आहे, आणि तुमची तर चालू आहे.

गंजाविषयी वर लिहिले आहेच. पुढच्या निवडणुकीपूर्वी जमा करताना नळीत आणि बाहेर नेहमीपेक्षा जाड तेल द्या, तेलकट कागदात गुंडाळा, त्यावर परवान्याचा क्रमांक बांधा, आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्या. बंदूक रिकामी असल्याची खात्री करताना गज आत घालून खोली मोजा. ठासणीच्या बंदुकीत विसरलेला बार वर्षानुवर्षे तसाच असू शकतो.

प्रश्न: वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर आलेली ३१५ बोअरची रायफल थ्री-नॉट-थ्रीसारखीच दिसते. तिचा दस्ता चिरला आहे आणि तो मला आखूडही पडतो. बदलला तर ऐतिहासिक वस्तू बिघडवल्यासारखे होईल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर: नाही. तुमची रायफल दिसते लष्करी, पण आहे नागरी. ब्रिटिश अमलात सैन्याचे ३०३ काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून त्या बोअरवर बंदी आली, आणि त्याच ठेवणीची पण ८ मिलिमीटरची, म्हणजे ३१५ बोअरची रायफल नागरिकांसाठी बाजारात आली. पुढे ईशापूरच्या कारखान्यानेही ती बनवली. ती वापरण्यासाठीच केलेली आहे. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून अक्रोडाचा नवा दस्ता करून घ्या, खांद्याला रबरी पॅड लावा, पट्टा लावा. नळी आणि बोल्ट मात्र आहेत तसेच राहू द्या. जुन्या दस्त्यावर वडिलांनी काही कोरले असेल तर तो फेकू नका. नव्या कामाची पावती परवान्याच्या कागदांत ठेवा, म्हणजे तपासणीच्या वेळी रायफल आणि कागद यांचा मेळ लावत बसावे लागणार नाही.